पत्रकावर प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव देऊ नकोस (प्रचारसंवादाच्या कामाबद्दल)

तू लिहिलंयस की दोन वर्षं जिल्हा दैनिकात बातमीदारी केलीस, नगरपंचायतीला एका उमेदवाराचं सोशल मीडिया सांभाळलंस, आणि आता एका मोठ्या उमेदवाराने प्रचाराच्या सगळ्या संवादाची जबाबदारी घेशील का म्हणून विचारलंय. तुझे प्रश्न करिअरचे आहेत: यात पोट भरतं का, पुण्या-मुंबईच्या एजन्सीत जावं की सिंधुदुर्गातच राहावं. पण पोस्टच्या शेवटी सहज लिहून गेलास, "पत्रकांवर प्रकाशक म्हणून माझंच नाव टाकणार आहेत, त्यामुळे नावही होईल." मी तिथेच थांबले. २०१४ साली हेच मला सांगितलं गेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

वयाने बराच लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. मी वकील नाही. पुढे जे लिहितेय ते अनुभवातून आणि त्या प्रकरणात पाठ झालेल्या कलमांवरून. निवडणूक आयोगाच्या सूचना दर निवडणुकीला नव्याने निघतात, त्या स्वतः वाच. पोस्टर, रील, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप हे तुला येतं, त्यात शिरत नाही.

२०१४च्या विधानसभेला २५ सप्टेंबरच्या एकाच दिवशी भाजप-शिवसेना युतीही तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीही तुटली. २७ला अर्ज भरायची मुदत संपत होती, १ ऑक्टोबरला माघार, १५ला मतदान. म्हणजे प्रचाराला मिळाले जेमतेम बारा दिवस. आमच्या उमेदवाराचं पत्रक महिनाभर आधी तयार होतं, पण त्यावर मित्रपक्षाच्या नेत्यांचे फोटो होते, ते सगळं बाद झालं. मी रात्रभर बसून नवीन मजकूर लिहिला. सकाळी प्रेसवर गेलो तर मालकाने प्रकाशकाच्या घोषणापत्राचा कागद पुढे केला.

तो कागद काय असतो ते नीट समजून घे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-क. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता छापावा लागतो. छापण्याआधी प्रकाशकाने आपली ओळख सांगणारं घोषणापत्र सही करून द्यायचं, आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी ते साक्षांकित करायचं. मग प्रेसवाला ते घोषणापत्र आणि पत्रकाची प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. किती प्रती छापल्या आणि किती पैसे घेतले, हेही आयोगाच्या सूचनेप्रमाणे सोबत कळवायचं असतं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सभेची तारीख-वेळ-जागा एवढंच सांगणारी चिठ्ठी यातून सुटते. बाकी बहुतेक सगळं यात येतं.

उमेदवाराचा माणूस म्हणाला, "ताई, सही तुम्हीच करा. मजकूर तुमचा, नाव तुमचं." मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे कबूल करते. पाच हजार प्रतींचा आकडा घातला, सही केली. साक्षीदार म्हणून प्रेसमध्येच उभे असलेले दोघे घेतले, त्यांची नावंही विचारली नाहीत. आणि सही केलेल्या कागदाची एक झेरॉक्ससुद्धा स्वतःसाठी घेतली नाही.

१२ तारखेच्या रात्री मला न विचारता त्याच पत्रकाचा आणखी गठ्ठा छापला गेला. पुढची बाजू माझीच. मागच्या कोऱ्या बाजूवर समोरच्या उमेदवाराच्या घरातल्या एका भांडणाबद्दल चार ओळी, ज्या खऱ्या नव्हत्या. तळाला प्रकाशक म्हणून माझं नाव आणि माझ्या आईच्या घरचा पत्ता. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं म्हणजे कलम १२३(४) खाली भ्रष्ट आचरण. त्यावरून निवडून आलेल्याची निवडणूकसुद्धा रद्द होऊ शकते. मला हे कळलं १६ तारखेला, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, घरी सरकारी नोटीस आली तेव्हा. दोन दिवसांत खुलासा द्या, असं लिहिलं होतं. नोटीस आईने घेतली. ती कितीतरी दिवस शेजाऱ्यांकडे गेली नाही.

उमेदवाराच्या कार्यालयात फोन केला तर "आम्ही बघतो". १९ला निकाल लागला, आमचा उमेदवार हरला, आणि नंतर तो फोन कुणी उचललाच नाही.

मी खुलाशात लिहिलं की माझं घोषणापत्र पाच हजार प्रतींचं आहे, आणि त्याला जोडलेल्या प्रतीची मागची बाजू कोरी आहे, ती काढून बघा. नोटीस काढणाऱ्या सरकारी कार्यालयाने उत्तर दिलं की घोषणापत्राची प्रत तुम्हीच सादर करा. तो कागद त्यांच्याच दप्तरात असायला हवा होता! कायद्याने तो त्यांच्याकडे जातो, माझ्याकडे नाही. मी एस्टीने तीन वेळा गेले, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. "फायल सायबांकडे आसा, सोमवारी येवा." सोमवारी साहेब दौऱ्यावर. आवक नोंदवही दाखवा म्हटलं तर ती बाहेरच्यांना दाखवत नाहीत. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, आणि तूही अंदाज बांधू नकोस. आजही मला राग येतो तो एका गोष्टीचा. त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की कपाट उघडलं तर पाच मिनिटांत माझी बाजू खरी की खोटी ते ठरेल. कपाट उघडायला कुणी उठलं नाही. प्रेसवाल्याने सांगितलं, कागद पाठवलेत. पोच विचारली तर त्याच्याकडेही नव्हती.

शेवटी डिसेंबरमध्ये माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तिसाव्या दिवशी उत्तर: "आढळून येत नाही." वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. मार्चमध्ये प्रत हातात आली. पाच हजार, माझी सही, जोडलेल्या पत्रकाची मागची बाजू कोरी. पुढच्या महिन्यात प्रकरण बंद झालं. मधल्या काळात पुण्यातल्या एका एजन्सीने देऊ केलेली नोकरी नोटिशीचं ऐकून त्यांनी मागे घेतली. साठ हजार ठरलेल्या मानधनातले वीस मिळाले होते, उरलेले अजून यायचेत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कुणाला टोकाचं वाटलं तरी चालेल. प्रकाशक उमेदवार स्वतः व्हावा, नाहीतर त्याचा रीतसर नेमलेला निवडणूक प्रतिनिधी. पगारावर मजकूर लिहिणारा कधीही नाही. यावर ते अडून बसले तर काम सोड. काही अनुभवी लोक म्हणतील की पदाधिकारी किंवा कार्यकर्ते सर्रास प्रकाशक होतात, कायद्यात मनाई नाही. खरं आहे. पण पदाधिकाऱ्यामागे पक्ष उभा राहतो. तुझ्यामागे कोण उभं राहणार, हे त्यांना आधी विचार.

आणि ज्या कागदावर तुझी सही जाईल त्याची प्रत त्याच मिनिटाला घे, फोटो काढून आईला किंवा मित्राला पाठव. सरकारी कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. टेबलापलीकडचा माणूस "होईल हो, ठेवून जा" म्हणाला तरी तिथेच उभा राहा. मला लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत.

बिलांचंही तेच. बिल उमेदवाराच्या नावाने, पैसे त्याच्या निवडणूक खर्चाच्या स्वतंत्र बँक खात्यातून. प्रेसवाल्याला, रिक्षावाल्याला तुझ्या गुगल पेवरून एक रुपयासुद्धा देऊ नकोस. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय दुसऱ्याने त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा वेगळा गुन्हा आहे. मर्यादा विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख आहे. तुमच्या नोंदी काहीही म्हणोत, खर्च निरीक्षकांची माणसं छाया नोंदवहीत आपला हिशेब वेगळा लिहीत असतात. तू पाच हजार पत्रकं दाखवलीस आणि बाजारात वीस हजार फिरली, तर तफावत निघते आणि सगळे तुझ्याकडे बघतात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, त्यांचे आदेश आणि मर्यादा वेगळ्या, ते आकडे तिथून घे.

मालवणीतल्या व्हॉइस मेसेजबद्दल तू विचारलंयस. लोकसभा-विधानसभेला टीव्ही, रेडिओ, सोशल मीडियावरच्या जाहिराती आणि मोठ्या संख्येने जाणारे व्हॉइस मेसेज आधी माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावे लागतात. उमेदवाराने आणि नोंदणीकृत पक्षाने निदान तीन दिवस आधी अर्ज करायचा, सोबत संहितेची, म्हणजे बोलायच्या मजकुराची, साक्षांकित प्रत आणि खर्चाचा तपशील. मालवणी संहितेबरोबर प्रमाण मराठी रूप स्वतःहून जोड, म्हणजे एका शब्दावरून फाइल परत येणार नाही. शेवटच्या आठवड्यात तिथे अर्जांचा ढीग लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच सगळं दे. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद. शेड्यूल करून ठेवलेल्या पोस्ट त्या वेळी आपोआप सुटतात आणि गोत्यात आणतात.

बोलीबद्दल आणखी एक, कारण यात बाहेरच्या एजन्सी हमखास चुकतात. कोकण म्हटलं की त्यांना मालवणीच सुचते. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभेत चिपळूणही येतं आणि सावंतवाडीही. चिपळूण-संगमेश्वरच्या वाडीत मालवणी ध्वनिफीत लावलीस तर लोक हसून ऐकतील, पण ती त्यांची भाषा नाही. तिकडच्या बोलीत तिकडच्याच माणसाकडून बोलून घे. आणि आवाज नाटकी नको. दशावतारातला आवाज लोकांना दशावतारातच आवडतो.

खळा बैठकीइतकं प्रभावी माध्यम मी दुसरं पाहिलेलं नाही. वाडीतली पंधरावीस माणसं एखाद्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसतात आणि विचारतात. महामार्गाचं काम इतकी वर्षं का रखडलं, मोठ्या जाळ्यांनी मासे उपसणाऱ्या पर्ससीनवाल्यांना आवर कोण घालणार, काजूला भाव कधी. त्या प्रश्नांचे शब्द लिहून आण, तुझं पत्रक त्यातूनच तयार होईल. फक्त बैठक देवळाच्या सभामंडपात घेऊ नकोस, कितीही सोयीचं असलं तरी. प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेत चालत नाही, आणि हल्ली कुणीही मोबाइलवरून सी-व्हिजिल या आयोगाच्या तक्रार अ‍ॅपवर फोटो टाकतं. तसंच मुंबईच्या चाकरमान्यांसाठी "मतदानाला मोफत गाडी" असा मेसेज तुझ्या हातून कधी जाऊ देऊ नकोस. मतदाराला केंद्रावर फुकट नेण्यासाठी वाहन ठरवणं हेही कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण आहे. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांकडे उमेदवाराने स्वतः जावं, बोलावं, गाड्यांचा विषय काढू नये.

आता करिअर. पोट भरतं, पण आंब्यासारखं, हंगामावर. निवडणुकांच्या मधल्या काळात मी सहकारी संस्थांची, पर्यटनवाल्यांची कामं केली, अजून करते. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघांकडे लक्ष ठेव. तिथली मतदारयादी दर वेळी नव्याने होते, पदवीधरांसाठी फॉर्म १८, शिक्षकांसाठी १९. लोकांना तो भरायला लावणं हे संवादाचंच काम आहे, आणि ते महिनोन्महिने चालतं. एजन्सीत वर्षभर जरूर जा, माझी गेलेली संधी तुला मिळाली तर सोडू नकोस. तिथे फॉर्म २० वाचायला शिक. केंद्रनिहाय मतं त्यात असतात. आपल्याकडे एका केंद्रात तीन-चार वाड्या येतात, त्यामुळे आकडा बघून वाडी ओळखायची तर गाव पायाखालचं लागतं. ते तुझ्याकडे आहे, मुंबईत बसलेल्याकडे नाही. कोकणातच राहायचं असेल तर माझ्या मते हीच तुझी खरी किंमत आहे.

मानधनाचं एवढंच: एक तृतीयांश आधी, एक तृतीयांश माघारीच्या दिवशी, उरलेले प्रचार थांबतो त्या संध्याकाळपर्यंत. निकालानंतर देऊ म्हणणाऱ्यांकडून मला आजवर एकदाच पैसे मिळाले, आणि तो उमेदवार निवडून आला होता.

पुढच्या बैठकीला जाताना साध्या कागदावर चार गोष्टी लिहून ने: प्रकाशक कोण, मजकुरावर अंतिम मान्यता कुणाची, पुनर्मुद्रण कुणाच्या लेखी परवानगीने, आणि पैसे कोणत्या तारखेला. त्यांच्याकडून सही मागून बघ. ते काय म्हणाले ते इथे लिही. कराराचा मसुदा दिला तर नावं, पक्ष, मतदारसंघ सगळं खोडून टाक, मी ओळ न ओळ वाचून सांगेन.