आधी पंखा बघा, गॅस नंतर

भाऊ, जुनी सात सीटर घेतलीत, छान केलंत. नागपुरात व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर एसी कोमट आणि वर्धा रोडला लागलं की गार, असं होत असेल तर गॅस भरायला धावू नका. गाडी उभी असताना कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला, हवा मिळत नाही, हीच मोठी शंका. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बॉनेट उघडा आणि पंखा फिरतो का ते फक्त लांबून बघा, हात घालू नका.

मग गाडी थंड झाल्यावर या जाळीवर पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा प्रेशर नको, पातळ पाती वाकतात. माझ्या गाडीतून पहिल्यांदा चहासारखं पाणी निघालं होतं, सोबत मेलेले किडे. उन्हाळ्याआधी आपण कूलरची खस बदलतो ना, तसंच हे.

नवीन माणसाच्या नेहमीच्या चुका:

- दर मे महिन्यात गॅस भरणं. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधायला लावा.
- रेडिएटरमध्ये नळाचं पाणी. आतून गंज आणि क्षार धरतो, कूलंटच वापरा.
- गरम रेडिएटरचं झाकण उघडणं. उकळतं पाणी तोंडावर येतं. हे कधीच करू नका.

टेम्परेचरचा काटा चढला तर एसी लगेच बंद, गाडी सावलीत बाजूला. घरची मंडळी बसलेली असली तरी थांबायचंच.

कॉम्प्रेसरचं, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचं, आत्ता डोक्यात घेऊ नका. केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर, मात्र उद्याच काढून बघा.