वाचक विचारतात : बे एरियातला ४८० गेला कुठे?

प्रश्न : मुलगा फ्रीमाँटला असतो म्हणून आम्ही दोघं सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहून आलो. तिथे जिकडे जावं तिकडे २८०, ३८०, ५८०, ६८०, ८८० असे हायवे. या नंबरांमागे काही सिस्टीम आहे का, आणि मधला ४८० का दिसत नाही?

उत्तर : सिस्टीम आहे, आणि विचार करून केलेली आहे. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इंटरस्टेटच्या, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या देशभरच्या हायवेंच्या, कायद्यावर सही केली, ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलायचं ठरलं, आणि पुढच्याच वर्षी नंबर पक्के झाले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना विषम नंबर, ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात, म्हणून कॅलिफोर्नियात ५ आणि पार पूर्व किनाऱ्याला ९५. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना सम, ते दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात. तीन आकडी नंबरात शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे, पहिला आकडा सम असेल तर तो रस्ता दोन्ही टोकांना इंटरस्टेटला मिळणारा, विषम असेल तर नुसता फाटा. बे एरियाचा मूळ रस्ता म्हणजे ८०, जो सॅन फ्रान्सिस्कोहून निघतो तो थेट न्यू जर्सीत संपतो.

आता ४८०. तो होता, लोकांनी अडवला आणि शेवटी भूकंपाने संपवला. बे ब्रिजपासून किनाऱ्याकिनाऱ्याने गोल्डन गेटपर्यंत फ्रीवे न्यायचा असा प्लॅन होता, त्यातला एम्बार्काडेरो या किनाऱ्यावरच्या रस्त्याचा दुमजली तुकडा फेरी बिल्डिंगच्या, म्हणजे बोटींच्या धक्क्यावरच्या जुन्या इमारतीच्या, अगदी तोंडासमोरून गेला, म्हणजे मार्केट स्ट्रीटवरून बघितलं की तिच्या घड्याळाच्या मनोऱ्याआधी काँक्रीटच दिसायचं. लोकं भडकली, १९५९ मध्ये शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सनी, म्हणजे तिथल्या नगरसेवकांच्या सभेने, यासकट बरेच फ्रीवे नामंजूर केले आणि हा रस्ता ब्रॉडवेपाशी तसाच तुटका राहिला. पुढे इंटरस्टेटचा दर्जाही गेला, नंबर तेवढा स्टेट रूट, म्हणजे राज्याचा रस्ता, म्हणून उरला. मग १७ ऑक्टोबर १९८९ चा लोमा प्रिएटा भूकंप आला, सांगाडा धोक्याचा झाला आणि १९९१ मध्ये पाडायला घेतला. मला विचाराल तर शहराने फार चांगलं केलं, पाण्याकाठी आज जी मोकळी जागा आहे ती त्याच्यामुळेच.

त्याच भूकंपात ओकलंडला ८८० चा दुमजली सायप्रेस भाग कोसळला आणि ४२ माणसं गेली. तो पुन्हा बांधताना वेस्ट ओकलंडची वस्ती टाळून बाजूने नेला, जे खरं तर पहिल्यांदाच करायला हवं होतं.

२८० चं पण तसंच, तो ८० ला जाऊन मिळायचा होता, पण सॅन फ्रान्सिस्कोत किंग स्ट्रीटवर उतरतो आणि तिथेच संपतो. पहिला आकडा मात्र सम राहिला.

प्रश्न : बर्कलीजवळ एकाच रस्त्यावर ८० ईस्ट आणि ५८० वेस्ट अशा दोन्ही पाट्या होत्या. पाटी चुकली होती का?

उत्तर : नाही हो, दोन्ही बरोबर आहेत. दिशा त्या जागेवरून नाही तर अख्ख्या रस्त्यावरून ठरते. ८० तिथून पुढे सॅक्रामेंटोकडे म्हणजे पूर्वेला जाणारा, ५८० ट्रेसीकडून येऊन सॅन राफाएलला म्हणजे पश्चिमेला जाणारा, आणि खाडीच्या कडेने दोघं थोडा वेळ एकत्र चालतात. गंमत म्हणजे त्या पट्ट्यात तुमची गाडी जात असते उत्तरेला! त्यामुळे तिथे ईस्ट-वेस्ट बघत बसू नका, पुढच्या गावाचं नाव बघा.

प्रश्न : आणि २३८? ३८ नंबरचा इंटरस्टेट तर नाहीच.

उत्तर : नाहीच. सॅन लिआंड्रोजवळ ८८० आणि ५८० ना जोडणाऱ्या या छोट्या तुकड्याला ८० घराण्यातला नंबरच शिल्लक नव्हता. बाकीचे वापरात, ४८० तेव्हा स्टेट रूटकडे, १८० फ्रेस्नोकडच्या स्टेट रूटकडे, आणि कॅलिफोर्नियात एक नंबर दोन वेगळ्या रस्त्यांना देत नाहीत. त्या तुकड्याचा जुना स्टेट रूटचा नंबर २३८ होता, तोच पुढे चालू ठेवला.