‘छान आहे’ म्हणणारा युजर नेमका कुठे अडला?

‘युजर टेस्टिंग केलं, आता त्याचं करायचं काय?’ या धाटणीचे बरेच प्रश्न या वेळी खान्देशातून आले. (युजर टेस्टिंग म्हणजे ॲप खऱ्या माणसाच्या हातात देऊन तो कुठे अडतो ते बघणं.) त्यात नवल नाही. केळी, कापूस, ठिबक, सोनं, दूध, जिथे पाहावं तिथे जळगाव-धुळ्याची पोरं काही ना काही ॲप बनवताहेत, आणि गिऱ्हाईकही गावातलंच असल्यामुळे चूक झाली की बोलणी समोरासमोर खावी लागतात. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे थोडे निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र जळगावात केळी उत्पादकांसाठी ॲप करतोय. कापणीची नोंद, वजन, व्यापाऱ्याची पट्टी (माल विकल्याचा हिशेबाचा कागद), बाकी येणं. रावेर आणि यावलच्या पाच शेतकऱ्यांच्या हातात दिलं, तर चाळीसेक अडचणी निघाल्या. यादी सोबत जोडली आहे. सगळं दुरुस्त करायला बसलो तर ॲप येणारच नाही. सुरुवात कुठून करावी?

यादी वाचली. पहिल्या ओळीवर ‘हिरवा रंग फार गडद’ आहे आणि अठराव्या ओळीवर ‘दोघांनी वजनाच्या चौकटीत ४० लिहिलं, चौकट किलोची होती’. ज्या क्रमानं सुचलं त्या क्रमानं तुम्ही लिहिलंत, आणि आता त्याच क्रमानं दुरुस्त करायला निघालात. आधी हा क्रम मोडा.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांची शून्य ते चार अशी गांभीर्याची एक मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे ही अडचणच नाही, चार म्हणजे हे दुरुस्त केल्याशिवाय बाजारात आणू नका. आकडा देताना तीन गोष्टी बघायच्या : किती जण अडले, किती वाईट अडले, आणि एकदा कळल्यावर पुढच्या वेळी सुटतात की दर वेळी अडतात. चौथी मी माझ्या पदरची घालतो : आपण चुकलो हे त्या माणसाला कळलं का?

या चौथ्या प्रश्नावर तुमची अठरावी ओळ थेट वर येते. केळीचा भाव क्विंटलचा, त्यामुळे शेतकऱ्याच्या डोक्यातला हिशेबही क्विंटलचाच. त्यानं ४० लिहिलं, ॲपनं निमूटपणे ४० किलो घेतलं, पुढच्या पडद्यावर गेलं. तो खूश, तुम्हीही खूश. भांडण लागणार पट्टी हातात पडेल त्या दिवशी. माणूस अडून बसला तर निदान फोन करतो. अशी मुकी चूक मात्र थेट पैशात जाऊन फुटते. ही चार नंबरची अडचण आहे. हिरवा रंग एक नंबरचा, तोही मी उदार मनानं देतोय.

आता उपाय. तुमच्यातला कोड लिहिणारा मित्र बहुधा म्हणेल, ‘१०० किलोच्या खाली आकडा घ्यायचाच नाही.’ तसं करू नका. बागेतले उरलेसुरले दोन-चार घड विकणारा माणूस तिथे अडकेल आणि मग खोटा आकडा टाकून पुढे जाईल. अडवू नका, दाखवा. चौकट क्विंटलची करा, ‘क्विंटल’ हा शब्द चौकटीच्या आतच ठेवा, आणि आकडा टाकताच खाली ‘४० क्विंटल म्हणजे ४,००० किलो’ आणि त्या दिवसाच्या भावानं होणारी रक्कम उमटू द्या. रकमेकडे शेतकऱ्याचं लक्ष आपोआप जातं. चूक तोच पकडेल.

हे आज रात्री बदला आणि उद्या सहाव्या शेतकऱ्यापुढे ठेवा. पाचही जणांचा अहवाल पुरा होईपर्यंत थांबायचं, असा काही नियम नाही. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी २००२ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळाच्या शिकवणीचं उदाहरण देऊन हीच पद्धत मांडली : कारण आणि उपाय दोन्ही उघड असतील तर एकच माणूस अडला तरी लगेच बदल करायचा आणि पुढच्या माणसावर तो बदल तपासायचा. तपासणं महत्त्वाचं, कारण एक भोक बुजवताना दुसरं पडतं. ज्या अडचणींच्या कारणावर तुम्हा चौघांतच एकमत नाही, त्यांना हात लावू नका. आणखी दोन-तीन माणसं बघा, मग बोला.

प्रश्न : मी शिरपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट गाईड म्हणतात पाच युजर पुरतात, बाहेरून येणारे परीक्षक म्हणतात निदान तीस हवेत. कोणाचं ऐकू?

पाचाचा आकडा वर आलेले निल्सन आणि त्यांचे सहसंशोधक टॉम लँडॉवर यांच्या १९९३ च्या गणितातून आला. एक अडचण एका माणसाला आडवी येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता साधारण ८४ टक्के येते. गणित बरोबर आहे. प्रश्न त्या ३१ चा आहे. दहातल्या एकालाच नडणारी अडचण घेतली, तर तीच पाच माणसं ती पकडतील याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते. संशोधक लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये साठ जणांच्या चाचणीतून पाच-पाचाचे गट काढून पाहिले. काही गटांना जवळपास सगळ्या अडचणी सापडल्या, काहींना जेमतेम ५५ टक्के.

म्हणून व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) असं सांगा : अडचणी शोधून डिझाइन बदलायचं असेल तर पाच जण, मग दुरुस्ती, मग दुसरे पाच, असं चालतं. ‘८० टक्के लोकांना हे जमतं’ असं टक्केवारीचं विधान करायचं असेल तर परीक्षकांचं बरोबर आहे.

आणि पाचही जण तुमच्या हॉस्टेलचेच असतील तर पाच काय, पन्नास घेतले तरी उपयोग नाही. घरी अहिराणी बोलणारी, मराठी अडखळत वाचणारी बाई आणि सांगवीकडचा पावरी बोलणारा तरुण हे दोन वेगळे गट आहेत. प्रत्येकातून तीन-चार तरी घ्या.

प्रश्न : धुळ्यातल्या छोट्या कंपनीत मी टेस्टर आहे. मेहनत करून तीस पानांचा रिपोर्ट दिला. डेव्हलपर म्हणाले, ‘हा युजरचा प्रॉब्लेम आहे, ट्रेनिंग द्या.’ एकही बदल झाला नाही. मी काय चुकले?

तीस पानं. मीही वाचली नसती.

गंमत बाजूला ठेवू. डेव्हलपर हट्टी असतो म्हणून ऐकत नाही, हा समज अर्धाच खरा. त्यानं तो पडदा शंभर वेळा उघडलेला असतो, त्याला तिथली वाट डोळे मिटून येते. ‘बटण सापडलं नाही’ हे वाक्य कागदावर वाचून त्याला ते खरंच वाटत नाही. तेच एखादा माणूस त्या बटणाच्या वरून तीनदा बोट फिरवून पुढे जाताना पाहिला, की त्याचा जीव कासावीस होतो. म्हणून त्याला चाचणीला बसवा. अट एकच : तोंड बंद, हात खिशात. ‘अहो, ते वर बघा ना’ म्हणाला की बाहेर. शेजारी बसवणं जमत नसेल तर दीड मिनिटाची क्लिप दाखवा, अर्ध्या तासाची नको.

दुसरं, अडचणीबरोबर एखादा उपायही सुचवा. कोपनहेगनचे संशोधक हॉर्नबेक आणि फ्रोक्येर यांनी २००५ मध्ये डेव्हलपरांपुढे दोन्ही ठेवून पाहिलं. नुसत्या अडचणींच्या यादीपेक्षा ‘असं करून बघा’ हे त्यांना जास्त कामाचं वाटलं. यादीचा उपयोग झाला तो आधी काय हाती घ्यायचं हे ठरवायला. मात्र तुमचा उपाय तो जसाच्या तसा घेईल ही अपेक्षा ठेवू नका. बटण वर न्यायला दहा मिनिटं लागतात की त्यासाठी अर्धा डेटाबेस हलवावा लागतो, हे त्याला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. तुमच्या उपायावर वाद घालता घालता त्यानं स्वतःचा तिसराच काढला, तर तुमचं काम झालं.

आणि ‘हे तुझं मत आहे’ असं तो म्हणाला तर लगेच चिडू नका, त्यात तथ्य असतं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ रॉल्फ मोलिक यांनी एकदा तपासणाऱ्यांच्या नऊ पथकांना हॉटमेल ही ईमेल सेवा स्वतंत्रपणे तपासायला दिली होती. मिळून ३१० अडचणी निघाल्या, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांश अशा होत्या की त्या एकाच पथकाला दिसल्या. तपासणारा बदलला की यादी बदलते. म्हणून रिपोर्टमध्ये मत कमी ठेवा : काम काय दिलं, माणसानं काय केलं, कितींपैकी किती अडले, क्लिप कुठे आहे. एक पान पुरे.

ट्रेनिंगचं म्हणाल तर एक विचारून बघा : दुकानातला पोऱ्या दिवाळीनंतर बदलला की नव्याला ट्रेनिंग कोण देणार, डेव्हलपर?

प्रश्न : भुसावळात मेसच्या डब्यांसाठी ॲप केलं. दहा-बारा जणांना दाखवलं, सगळे म्हणाले ‘छान आहे’. सुरू केलं तर डबा बंद करायला सगळे अजून फोनच करतात. लोक खोटं का बोलतात?

खोटं बोलत नाहीत, तुमचं मन राखतात. तुम्ही घरी गेलात, चहा झाला, पुतण्याच्या वयाच्या पोरानं कौतुकानं फोन पुढे केला. त्यावर ‘हे काही कामाचं नाही’ असं आपल्याकडे कोण म्हणेल?

‘कसं वाटलं?’ हे विचारूच नका. काम द्या. ‘उद्या तुम्ही गावाला चाललात, उद्याचा डबा बंद करा.’ आणि गप्प बसा. मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा, एवढंच सांगा. ही पद्धत आयबीएमच्या क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये या कामात आणली आणि अजून तिच्याइतकं स्वस्त काही निघालेलं नाही. माणूस अहिराणीत विचार करत असेल तर अहिराणीतच बोलू द्या. ‘आते काय दाबू?’ असं तो ज्या पडद्यावर म्हणाला तो पडदा आणि ती वेळ टिपून ठेवा. त्यावर उत्तर देऊ नका, फार तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढं विचारा. चार सेकंदांची शांतता फार जड जाते, पण बोललात की चाचणी संपली.

‘माझंच चुकलं, मला या मोबाईलमधलं काही कळत नाही’ हे वाक्य आलं की त्याखाली दोन रेघा ओढा. तिथे डिझाइन चुकलंय.

वापरणाऱ्याकडून भरून घ्यायच्या दहा विधानांच्या ‘एसयूएस’ (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) या प्रश्नावलीबद्दलही तुम्ही विचारलंय. ती जॉन ब्रुक यांची, १९८६ ची, चांगली आहे. तिची सरासरी शंभरपैकी ६८ च्या आसपास धरतात. पण ती सांगते ताप किती आहे. दुखतंय कुठे, हे ती सांगत नाही. आज तुम्हाला दुखणं शोधायचंय, तिला राहू द्या.

प्रश्न : जळगावच्या सराफ बाजारात आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर चालतं. नव्या मुलांवर चाचणी घेतली, त्यांना मोठी बटणं आणि पायरी-पायरीनं जाणारे पडदे हवेत. तसं केलं तर जुने मुनीम भडकले. चाचणी चुकली की मुनीम?

दोघंही बरोबर, चाचणी अपुरी. पहिल्यांदा बसणाऱ्या माणसावर घेतलेल्या चाचणीत पहिल्या दिवसाच्याच अडचणी दिसतात. मुनीम दिवसाला किती बिलं फाडतात ते बघा. वजन, भाव, मजुरी, तीन टक्के जीएसटी, जुन्या सोन्याची वजावट, हे सगळं त्यांची बोटं पडद्याकडे न बघता टाकतात. तिथे प्रत्येक वाढीव पडदा म्हणजे काउंटरवर ताटकळणारं गिऱ्हाईक, आणि धनत्रयोदशीला तर विचारायलाच नको.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ९२४१-११ या मानकात वापरसुलभतेची मापं तीन दिली आहेत : काम पुरं होतं का, किती कष्टात होतं, आणि माणूस समाधानी आहे का. हे मोजायचं ते ठरावीक माणसांसाठी, ठरावीक कामासाठी, ठरावीक जागी. सर्वांना सोपं असं काही तिथे म्हटलेलं नाही. मुनिमांची वेगळी चाचणी घ्या : त्यांच्याच काउंटरवर, त्यांच्याच कीबोर्डवर, घड्याळ लावून. जुना रस्ता एका पडद्यावर, सगळ्या शॉर्टकटसह तसाच ठेवा. नव्या मुलांना पायरी-पायरीचा द्या, आणि त्यात प्रत्येक बटणाशेजारी त्याची शॉर्टकट की बारीक अक्षरात लिहा. रोज डोळ्यांखालून गेली की बोटं आपोआप तिकडे वळतात. बिल मात्र दोन्हीकडून एकसारखंच छापलं जाऊ दे, नाहीतर हिशेब जुळवताना तिसरं भांडण.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यात पिकांच्या नोंदीचं ॲप देतोय. चाचणी ऑफिसात घ्यावी की शेतात?

शेतात, आणि भर दुपारी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणाचा फरक) हे किमान माप, आपल्या मे महिन्याच्या उन्हात ते पुरत नाही, काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं एवढंच टिकतं. बटणं अँड्रॉइड सांगतं तशी निदान ४८ डीपीची (डीपी हे पडद्यावरचं माप), म्हणजे सुमारे नऊ मिलिमीटर, ठेवा आणि मातीच्या हातानं दाबून घ्या. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं, त्यामुळे अंगठा लावणं तुमच्याकडे कोणाला शिकवावं लागणार नाही. पण कष्टाच्या बोटांवरचे ठसे झिजतात. लॉगिनला दुसरी वाट हवीच.

धडगाव-अक्कलकुव्याकडे जाणार असाल तर नोंद अर्धी झाली असताना नेट मुद्दाम बंद करा आणि विचारा, ‘नोंद राहिली का गेली?’ माणसानं नुसता पडदा बघून ठामपणे उत्तर दिलं, तर ॲप पुढच्या गावात न्या.