तुझ्या लिस्टवर मी मारलेल्या फुल्या

प्रिय होऊ घातलेल्या बाबा,

बाळासाठीच्या खरेदीची तुझी लिस्ट मिळाली, रात्री बसून नीट वाचली. एक्सेलमध्ये केलीयस, रंगबिंग भरलेत, कौतुक आहे, पण खरं सांगू का, काटकसर तू नेमकी उलट्या जागी केलीयस. जिथे चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत तिथे सेकंडहँड शोधतोयस आणि जी वस्तू घरात यायलाच नको ती मात्र 'मस्ट हॅव' म्हणून पिवळ्या रंगात. म्हणून हे एवढं लांबण लावतेय. इतकी वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढली, त्यामुळे पहिलटकर आईबाप कशावर पैसे उडवतात हे मला पाठ झालंय. बराचसा खर्च बाळ यायच्या आधीच होऊन गेलेला असतो, आणि तो घाबरून झालेला असतो.

तर खरेदी बाळाच्या मागून कर, पुढे पळू नकोस. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळाला लागतं तरी काय, दूध, ऊब, झोपायला सपाट जागा, डायपर आणि थोडे मऊ कपडे, बाकीचं एकेक करून नंतर आणता येतं, दुकानं कुठे पळून चाललीत. जन्माला 3 किलोच्या आसपास असलेलं बाळ साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट वजनाचं होतं, वर्षाचं होईस्तोवर तिप्पट, आणि लांबी 50 सेंमीवरून 75 सेंमीच्या आसपास जाते. आता सांग, 'न्यूबॉर्न' साइजचे ते डझनभर सेट कधी घालणार? बाळ जरा दणकट जन्मलं तर त्यातल्या निम्म्यांची घडीसुद्धा मोडत नाही. बूट तर काढूनच टाक, बाहेर जमिनीवर चालायला लागेपर्यंत त्यांचा काही उपयोग नाही, फोटो सोडून.

डायपरवर जरा थांबू, कारण रोजचा खरा खर्च तिथे आहे. सुरुवातीला दिवसाला 10-12 सुद्धा लागतात, मग हळूहळू कमी होत 6-7 वर येतात, त्यामुळे पहिल्या महिन्याचा हिशेब वर्षभराला लावून छातीत धस्स करून घेऊ नकोस. 'मेगा पॅक' वाचून भुलायचं नाही, किंमत भागिले नग, बस्स, मोबाइलवर दुकानातच कर, कधी कधी छोटा पॅक स्वस्त पडतो. आता गंमत बघ, पाकिटावर वजन दिलेलं असतं, एकावर 4 ते 8 किलो आणि पुढच्यावर 6 ते 11, म्हणजे मधले दोन किलो दोन्हीकडे चालतात. साइज वाढली की एका नगाची किंमत वाढते, त्यामुळे त्या मधल्या पट्ट्यात असताना लहान साइज नीट बसतेय तोवर तीच वापर, मांडीवर-कमरेवर लाल वळ उठायला लागले किंवा सारखं गळायला लागलं की मग बदल. चिकटपट्टीवाले सहसा पँटवाल्यांपेक्षा स्वस्त पडतात, बाळ पालथं पडून पळापळ करत नाही तोवर पँटची गरज नाही. आणि डायपर ओला झाला की त्यावरची ती पिवळी रेघ निळी होते ना, ती जराशी निळी दिसली की लगेच नवीन, असं करणारी मंडळी मी भरपूर पाहिलीत, तेवढ्याने काही होत नाही. शी झाली तर मात्र मिनिटभरही थांबायचं नाही, कारण तिथे वाचवलेला डायपर रॅशच्या मलमात जातो. एकाच साइजचे चार पॅक आधीच भरून ठेवू नकोस, हेही आलंच.

कापडी वापरायचे असतील तर जरूर वापर, पण पूर्ण कापडी किंवा पूर्ण डिस्पोजेबल असली शपथ घेऊ नका, घरात दिवसा कापडी आणि रात्री व बाहेर जाताना डिस्पोजेबल, हे जमतं. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने 2008 मध्ये दोन्हींचा पर्यावरणाच्या अंगाने हिशेब मांडला होता, त्यात दिसलं की कापडी चांगले ठरतात की नाही ते तुम्ही ते धुता कसे यावर आहे, मशीन पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले, दुसऱ्या बाळालाही वापरले तर फायदा, आणि उकळत्या पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये वाळवले तर फायदा गेला. खिशाचं गणितही तसंच चालतं. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नकोस, त्याने कापडाची शोषायची ताकद कमी होते आणि मग तू म्हणशील कापडी डायपर बेकार. आधी दोन-तीनच घेऊन बघा, महागडा सेट नंतर. वाइप्स बाहेर जाताना पुरते ठेव, घरी कापूस आणि कोमट पाणी पुरतं. बेबी शाम्पू, बेबी वॉश, बेबी लोशन, बेबी पावडर असा जो गिफ्ट बॉक्स तू लिहिलायस त्यातलं फार तर एक सौम्य साबण ठेव, पावडर तर नकोच, ती नाकातोंडात जाते.

आता दूध. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ते सगळ्यात स्वस्त पण आहे, पण 'फुकट' म्हणू नकोस हां, बायकोसमोर तर अजिबात नाही. त्यात तिची झोप जाते, तिचे तास जातात, तिचं पोटभर जेवण लागतं. तिच्या खाण्यात आणि विश्रांतीत काटकसर करायची नाही. बाळ नीट पकडत नसेल, दुखत असेल तर पहिल्याच आठवड्यात स्तनपानाची माहिती असलेल्या नर्सला किंवा डॉक्टरला दाखवा, ती एक फी पुढचे पावडरच्या दुधाचे कित्येक डबे वाचवते. दूध काढून ठेवायचं असेल तर 60 ते 120 मिलीच्या छोट्या छोट्या भागांत ठेवा, मोठी बाटली भरली आणि बाळाने अर्धीच प्यायली की उरलेलं ओतावं लागतं, आणि तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. ताजं काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस.

पावडरचं दूध द्यावं लागलं तर त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही, फक्त दोन गोष्टी. एक, डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवणं हा गुन्हा समज, डब्यावर दिलंय तेवढंच पाणी आणि सपाट केलेला तेवढाच चमचा, नाहीतर बाळाचं पोट भरल्यासारखं होतं आणि पोषण मिळत नाही. दोन, महाग डबा म्हणजे चांगला डबा असं नसतं. पहिल्या महिन्यांच्या पावडरीत काय किती असायलाच हवं याची मानकं ठरलेली आहेत, तुझ्या देशात मान्यता असलेला साधा डबा ती पाळतोच (डॉक्टरांनी खास कारणाने वेगळा लिहून दिला असेल तर तो बदलायचा नाही, तो भाग वेगळा). पाणी उकळून घ्यायचं आणि 70 अंशांच्या खाली जायच्या आत पावडर मिसळायची, मग प्यायच्या बेताचं कोमट करायचं, बाळ पिऊन उरलं की ओतून द्यायचं, म्हणून थोडं थोडं बनव. बाटल्या पण एक-दोनच आण, बाळं नखरेल असतात, एक निपल चालतं दुसरं नाही, सहाचा सेट आणला आणि त्याने तोंड फिरवलं की गेला. त्या निर्जंतुक करायला साधं पातेलं आणि उकळतं पाणी चालतं. बॉटल वॉर्मर? वाटीत गरम पाणी घे, त्यात बाटली ठेव. वर्षानंतरचं 'टॉडलर मिल्क' कुठल्याच निरोगी मुलाला लागत नाही, ते डबे निव्वळ जाहिरातीवर विकले जातात. दुधाच्या जाहिरातबाजीला आवर घालायला 1981 मध्ये जागतिक पातळीवर संहिता करावी लागली, यावरून काय ते समज, आणि फुकट सँपल कुणी हातात ठेवलं तर 'नको' म्हणायला लाजू नकोस.

सहा महिन्यांनंतरचं खाणं घरातल्याच भांड्यातून काढायचं, मीठ-साखर-तिखट पडायच्या आधी, आणि कुस्करून द्यायचं. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं, एकेक क्यूब म्हणजे एकेक वेळ. ते पिळून खायचे पाऊच आहेत ना, त्यांची 100 ग्रॅमची किंमत काढ आणि त्याच फळाच्या किमतीशेजारी ठेव, हसू येईल. मध मात्र वर्ष होईपर्यंत चाटवायचासुद्धा नाही, बॉट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

आता त्या पिवळ्या ओळी. कॉटच्या कडेला आतून बांधायचे मऊ बंपर, छोटी उशी, जाड रजई, आत ठेवायचे टेडी, हा सगळा गठ्ठा खोडून टाक. बाळाला पाठीवर, कडक सपाट गादीवर, मोकळ्या कॉटमध्ये झोपवायचं असतं, मऊ वस्तूंनी श्वास कोंडू शकतो. अमेरिकेत 2022 मध्ये बंपर विकायलाच बंदी आली. इथे तुझे पैसेही वाचतात आणि बाळही सुरक्षित राहतं, असं एकाच वेळी फार कमी ठिकाणी होतं. बेबी वॉकरही खोड, त्याने चालणं लवकर येत नाही आणि जिन्यावरून पडणं मात्र होतं, कॅनडाने तर 2004 मध्ये त्यावर बंदी घातली. दात येतानाची बधिर करणारी जेल आणि गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळाही नकोत, थंड ओला रुमाल चावायला दे. पायात घालायचा, ऑक्सिजन मोजणारा मोजा पण दिसला तुझ्या यादीत, निरोगी बाळाला तो लागत नाही, रात्री तो खोटा वाजला की तुम्ही दोघं उठून बसणार एवढंच.

सेकंडहँडबद्दल. कपडे, आंघोळीचा टब, धुता येणारी खेळणी, बाबागाडी (ब्रेक आणि पट्टे तपासून), सगळं जुनं चालेल, उलट धुऊन धुऊन कपडे जास्त मऊ झालेले असतात. पण कार सीट अनोळखी माणसाकडून नको. अपघातात सापडलेली असेल तर वरून कळत नाही, आणि प्लास्टिकचीही मुदत असते, बऱ्याच सीटवर ती तारीख छापलेली असते. आतेभावाची असेल आणि तिचा सगळा इतिहास तुला माहीत असेल तर गोष्ट वेगळी. जुना कॉट घेतलास तर टेप घेऊन जा, गजांमधलं अंतर 6 सेंमीपेक्षा जास्त नको, आणि ज्याची एक बाजू खाली सरकते तसला नकोच, गादीही नवी घे, ती कॉटला चिकटून बसली पाहिजे. जुन्या प्लास्टिकच्या बाटल्याही नकोत.

लसी आणि डॉक्टरांच्या ठरलेल्या भेटी यातला एकही दिवस पुढे ढकलू नकोस. बऱ्याच देशांत नेहमीच्या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात, तिथे घ्यायला कमीपणा वाटायची गरज नाही.

शेवटचं, लोक विचारतील "काय आणू?" तेव्हा "काही नको हो" म्हणून भिडस्तपणा करू नकोस, तसं म्हटलं की चांदीची खुळखुळी आणि शून्य ते तीन महिन्यांचे फ्रॉक येतात, ढिगाने. सरळ सांग, पुढच्या साइजचे डायपर आणा, नाहीतर एक दिवसाचा जेवणाचा डबा आणा, नाहीतर दोन तास बाळाला धरा म्हणजे ही झोपेल. कपडेच आणणार म्हणाले तर मोठ्या मापाचे सांग, पण आधी महिने मोज. नऊ महिन्यांच्या मापाचा लोकरीचा स्वेटर घेतला आणि बाळ नऊ महिन्यांचं होईल तेव्हा ऐन उन्हाळा असेल तर तो तसाच पिशवीत राहतो.

तुझी,
वॉर्डातली सिस्टर मावशी