सर्व्हर फुकटचा घ्या, पण पासवर्ड आणि बॅकअप स्वतःकडे ठेवा

मुंबईत मस्जिद बंदरचा गाळा, आठ कॉम्प्युटर, शेअर्ड फोल्डरमध्ये बिलिंगची मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस डेटाबेसची फाईल आणि ती सारखी करप्ट होते, तर कोणता डेटाबेस सर्व्हर घ्यावा, असं तुम्ही विचारलंत. हे दुखणं आमच्याही ओळखीचं आहे. आठही मशीन थेट त्या एकाच फाईलमध्ये लिहितात. लिहिताना एकाची केबल सैल झाली की फाईल बिघडलीच. डेटाबेस सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकच प्रोग्रॅम डेटा लिहितो अशा व्यवस्थेवर, जायचं ठरवलंत ते योग्यच.

तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर त्यावर चालत असेल तर पोस्टग्रेस हा फुकटचा डेटाबेस सर्व्हर घ्या, असं माझं मत. मारियाडीबीही चांगलं. दोन्हींना लायसन्सची साईझ लिमिट नाही. पण बहुतेक विक्रेते एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची फुकट आवृत्तीच टाकून देतात, आणि खरा घोळ तिथे होतो.

एक्सप्रेसमध्ये 2022 च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे. लॉग फाईल (बदलांची नोंद ठेवणारी फाईल) त्यात धरत नाहीत. नुसत्या बिलांच्या नोंदींनी 10 जीबी भरायला वर्षं जातात. पण सॉफ्टवेअर स्कॅन केलेली चलनं आणि पीडीएफ डेटाबेसच्या आतच ठेवत असेल तर भराभर भरतं. मग भर सीझनमध्ये 1827 नंबरची एरर येते आणि नवं बिल सेव्ह होत नाही. आमच्या विक्रेत्याने तेव्हा 'पेड आवृत्ती घ्या' एवढंच सांगितलं, आणि 'एसए'चा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य ॲडमिन खात्याचा, पासवर्ड मागितला तर तोही देईना. डेटा आपला आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! याचा अजून राग येतो. उपाय साधा होता: पीडीएफ फोल्डरमध्ये, डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पाथ. जुनी आर्थिक वर्षं वेगळ्या डेटाबेसमध्येही नेता येतात, कारण मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी आहे. तेव्हा ॲडमिन पासवर्ड आणि पीडीएफ कुठे साठतात, या दोन गोष्टी पैसे देण्याआधी लेखी घ्या.

एक्सप्रेसमध्ये एजंट, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग, नसतो, म्हणून रोजचा बॅकअप आपोआप होत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडीने (सर्व्हरला कमांड देण्याचं टूल) बॅकअपची कमांड चालवा. पोस्टग्रेसला बॅकअपसाठी पीजी_डंप हे त्याचंच टूल. सर्व्हर चालू असताना डेटा फोल्डर कॉपी केला तर तो बॅकअप धरू नका. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून कालचं बिल दिसतं का ते बघा.

पोस्टग्रेस बसवल्यावर बाकीच्या मशीनवरून कनेक्ट होत नसेल तर लिसन_ॲड्रेसेस हे सेटिंग अजून लोकलहोस्टवरच, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरतं, आहे का बघा. असेल तर ते बदला, पीजी_एचबीए फाईलमध्ये (कोणाला कनेक्ट होऊ द्यायचं ते ठरवणारी) आपल्या नेटवर्कची रेंज घाला, सर्व्हिस रीस्टार्ट करा, फायरवॉलमध्ये पोस्टग्रेसचा पोर्ट 5432 उघडा. राऊटरवर मात्र हा पोर्ट बाहेर उघडू नका, विक्रेता रिमोटसाठी कितीही म्हणाला तरी.

वायफायपेक्षा केबल बरी, लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं. गाळा तळमजल्यावर असेल तर सर्व्हर आणि यूपीएस दोन्ही पावसाळ्याआधी वरच्या फळीवर चढवा, आणि बॅकअपची डिस्क रोज घरी न्या.

तुमचं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही, म्हणून आवृत्तीचं नाव कळवलंत तर नेमकं सांगता येईल.