वाटपाचा दावा कुठे लावायचा: मी पुण्यात, भाऊ ठाण्यात, जमीन कराडला

दावा कराडलाच लावावा लागेल. तुम्ही कुठे राहता किंवा भाऊ कुठे राहतो, याने इथे फरक पडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 16 नुसार स्थावर मिळकतीचे वाटप, ताबा, गहाण असे दावे मिळकत जिथे आहे तिथल्याच न्यायालयात चालतात. मात्र वाटपात ठाण्याचा एखादा वडिलोपार्जित फ्लॅटही असेल, तर कलम 17 मुळे दोन्ही मिळकतींचा एकच दावा कराड किंवा ठाणे, कुठेही लावता येतो. (भाऊ ठाण्याला ‘हो’ म्हणेल, तुमची एसटी मात्र तपासा.) दिवाणी न्यायालय कनिष्ठ स्तराचे (खालचे) की वरिष्ठ स्तराचे (वरचे), हे दाव्याच्या मूल्यांकनावर, म्हणजे दाव्याच्या रुपयांतल्या किमतीवर ठरते; ते वकिलाकडून आधी काढून घ्या. भाडेकरू किंवा बिल्डरशी वाद असेल तर हा नियम जसाच्या तसा लावू नका, त्यांची न्यायालये-प्राधिकरणे वेगळी.