हायड्रोपोनिक्सच्या (मातीविना, खताच्या पाण्यात झाडं वाढवण्याच्या) टाकीतला एअर पंप रात्री बंद ठेवला तर चालतो का?

तुम्ही लिहिलंय की 20 लीटरच्या टाकीत लेट्यूस लावलंय, पंपाच्या घरघरीने झोप लागत नाही, आणि रात्री प्रकाशसंश्लेषण होतच नाही तर झाडाला हवा कशाला हवी? शिवाय खताचं मिश्रण कोणतं घ्यावं हेही विचारलंय.

पंप बंद करू नका. रात्री तर मुळीच नको.

इतक्या तडकाफडकी सांगतोय, कारण तुमचं हे वाक्य मी माझ्या भाऊजींच्या तोंडून जसंच्या तसं ऐकलंय. तेव्हा गप्प बसलो होतो.

माझं ते तिसरं पीक होतं. आधीची दोन्ही छान निघाली होती. 40 लीटरच्या टाकीत लेट्यूसची बारा रोपं, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात खताचे क्षार किती आहेत त्याचं माप) 1.4, पीएच 6 च्या आसपास, मुळं दुधासारखी पांढरी. ताई आणि भाऊजी आठवडाभर राहायला आले आणि त्यांची झोपायची सोय नेमकी टाकीच्याच खोलीत केली. चौथ्या दिवशी दुपारी पानं लुळी पडलेली दिसली. मुळं पाण्यात बुडालेली आणि झाड तहानेलं! संध्याकाळी जरा सावरली. मला वाटलं रोपं मोठी झालीत, खत कमी पडतंय. ईसी 2.2 वर नेला. दुसऱ्या दिवशी हाल आणखी वाईट. क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणं अवघड जातं, आणि ही मुळं तर आधीच गुदमरलेली होती. झाकण उचलून मुळं बघायला हवी होती. मी मीटरकडे बघत बसलो.

सहाव्या रात्री पाणी प्यायला उठलो आणि जागीच थांबलो. बुडबुड्यांचा आवाज नव्हता. तीन महिने त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की ती शांतताच कानाला टोचली. पंपाचं बटण बंद. सकाळी विचारलं तर भाऊजी सहज म्हणाले, "अरे, रोज रात्री मीच बंद करतो, पहाटे लावतो. रात्री प्रकाशसंश्लेषण नाही, मग हवा कशाला?" तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, त्यात ताईचे यजमान. मी काय बोलणार? झाकण उचललं. मुळं चहाच्या रंगाची, बुळबुळीत. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल बोटांत आली आणि आत नुसता दोरा उरला. कुजका वास. बारापैकी नऊ रोपं फेकावी लागली.

भाऊजींचं अर्धं वाक्य बरोबर होतं. प्रकाशसंश्लेषण रात्री थांबतं, पण श्वसन थांबत नाही. आणि मुळं तर दिवसाही अंधारातच असतात. ती स्वतः ऑक्सिजन तयार करत नाहीत, चोवीस तास फक्त घेतात. नायट्रेट, पोटॅशियम आत ओढायला लागणारी ऊर्जा त्या श्वसनातूनच येते. ऑक्सिजन संपला की मुळाची पाणी आत घेण्याची क्षमताही घटते. भर पाण्यात पानं सुकतात ती यामुळे.

हिशेब बघा. एक लीटर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लीटर पाण्यात, तेही 20 अंशाला आणि पूर्ण संपृक्त असेल तर, फक्त 9 मिलिग्रॅम. 30 अंशाला साडेसातच. म्हणजे पाणी तापलं की साठा घटतो आणि त्याच वेळी मुळांच्या श्वसनाचा वेग वाढतो. वरून हवा आपोआप पाण्यात मिसळेल म्हणावं, तर साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियम चढतं, म्हणजे मुळं कुजवणारा बुरशीसारखा जीव. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, एका रोपावरून दुसऱ्यावर जायला त्यांना वेळ लागत नाही.

माती लागत नाही हे साक्स आणि क्नोप या शास्त्रज्ञांनी जर्मनीत 1860 च्या सुमारासच दाखवून दिलं. खनिजांच्या द्रावणात झाड वाढतं, यावर माझं आणि भाऊजींचं दुमत नव्हतंच. पण चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ्यांची असते आणि त्यांतून मुळांना हवा मिळत राहते, हे कोणी मोजत नाही. माती काढून टाकली की ते काम आपल्या गळ्यात पडतं. पंप आहे तो त्यासाठी.

आवाजाचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा पंपाचा नसून तो ज्यावर ठेवलाय त्या फळीचा असतो. पंप दोरीने टांगा किंवा खाली जाड स्पंज घाला. टांगताना पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं. हे मी त्याच आठवड्यात करून दिलं असतं. भाऊजींनी फक्त "झोप लागत नाही" एवढं सांगायला हवं होतं.

हेही सांगायला हवं: माझी टाकी खिडकीपाशी उघड्यावर होती आणि पाणी 29 अंशांवर गेलं होतं, तो दोष माझा. थंड पाण्यात एखाद्या रात्री वीज गेली तर लेट्यूस सहसा तग धरतं. आणि पंपच नसलेली पद्धतही आहे, हवाई विद्यापीठाच्या क्रॅट्की यांची. पण तिथे पाण्याची पातळी मुद्दाम खाली जाऊ देतात आणि वरची मुळं मोकळ्या हवेत राहतात. टाकी काठोकाठ भरून पंप बंद करणं म्हणजे क्रॅट्की पद्धत नव्हे. भाऊजी गेल्या भेटीतही तिचाच दाखला देत होते.

खताबद्दल एवढंच: दोन भागांत मिळणारं घ्या आणि दोन्ही भाग घट्ट अवस्थेत एकमेकांत ओतू नका. कॅल्शियम, सल्फेट आणि फॉस्फेट एकत्र आले की साका होऊन तळाशी बसतो आणि त्यातलं झाडाला काहीच मिळत नाही. आधी टाकीत पाणी भरा, मग एक भाग घाला, ढवळा, मग दुसरा. कोणत्या कंपनीचं घ्यावं यात मी पडत नाही. मुळं तपकिरी असतील तर कोणतंही खत घातलंत तरी उपयोग नाही, तेव्हा आधी झाकण उचला आणि मुळांचा रंग काय आहे ते इथे लिहा.